एका पगारात जर्मनी: ऑफर हातात आल्यावर हिशेब कसा मांडायचा

‘वर्षाला साठ हजार युरो, आम्ही दोघं आणि साडेतीन वर्षांची मुलगी, गाव श्टुटगार्ट. पुरतील का गं ताई?’ हा प्रश्न माझ्या मावसभावानं विचारला. असेच प्रश्न चाकण-चिंचवडकडून अधूनमधून येतच असतात, कारण तिथल्या कारखान्यांतून आणि तांत्रिक केंद्रांतून इकडे येणाऱ्यांचा ओघ थांबलेला नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो. पुण्यात मी एका सीएच्या कार्यालयात हिशेबाचं काम करायचे. इथे आल्यावर बराच काळ घरात एकच पगार होता आणि त्याची वही मी ठेवत होते. त्या वहीच्या आधारावर, भावासाठी मांडला तसाच हिशेब इथे मांडते. आकडे २०२५ च्या दरांचे आहेत. दर जानेवारीला ते थोडे सरकतात, पण मांडणी तीच राहते.

सुरुवातीलाच एक विनंती. साठ हजाराला शंभरने गुणून ‘साठ लाखांचं पॅकेज’ म्हणू नका. नातेवाईक म्हणतील, त्यांना म्हणू द्या. पगार युरोत आहे, भाडंही युरोत आहे आणि पावही युरोत आहे. रुपयात गुणायचं ते फक्त भारतात पाठवायच्या पैशांपुरतं.

हातात किती येतात

ऑफर लेटरवरचा आकडा ब्रुटो असतो, म्हणजे कापाकापीच्या आधीचा. आपल्याकडच्या सीटीसीसारखा तो नाही. सीटीसीमध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी असं बरंच काही कोंबलेलं असतं. इथे विम्यांमधला कंपनीचा वाटा ब्रुटोच्या वर वेगळा असतो. त्यामुळे आकडा तितका फसवा नाही, पण कापलं जातं भरपूर.

साठ हजार म्हणजे महिना पाच हजार. त्यातून आधी सामाजिक विमे जातात. आरोग्यविम्याचा मूळ दर १४.६ टक्के. त्यावर प्रत्येक विमासंस्था आपला जादा दर लावते, तो २०२५ मध्ये सरासरी २.५ टक्के धरलेला होता. या सगळ्याचा अर्धा भाग तुमचा, अर्धा कंपनीचा. पेन्शनचे १८.६ टक्के आणि बेकारी विम्याचे २.६ टक्केही असेच निम्मे निम्मे. शिवाय वृद्धापकाळातल्या शुश्रूषेसाठीचा विमा, ज्यात मूल असेल तर तुमच्या वाट्याला १.८ टक्के येतात आणि मूल नसेल तर २.४. सगळं मिळून महिना जवळपास १,०५० युरो.

त्यानंतर आयकर. एका पगाराच्या घराला सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे, आणि तो नीट समजून न घेता बरेच जण निर्णय घेतात. जर्मनीत कराचे वर्ग असतात. एकट्या माणसाला पहिला. नवरा-बायको दोघंही जर्मनीत राहत असतील तर कमावणाऱ्याला तिसरा आणि दुसऱ्याला पाचवा वर्ग घेता येतो. मी मांडलेल्या हिशेबाप्रमाणे पाच हजारावर पहिल्या वर्गात हातात साधारण ३,१०० येतात आणि तिसऱ्या वर्गात ३,५००. म्हणजे त्याच नोकरीत, त्याच पगारावर महिन्याला चारशे युरोंचा फरक.

हा वर्ग आपोआप मिळत नाही. पत्त्याची नोंदणी करताना लग्नाचा दाखला दाखवावा लागतो. दोघंही इथे नोंदवले गेले की आधी दोघांना चौथा वर्ग लागतो, मग तिसरा-पाचवा हवा म्हणून करकार्यालयाकडे अर्ज करायचा. दाखल्याचं जर्मन भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घ्या. कुटुंब मागाहून येणार असेल तर तोवर पहिलाच वर्ग लागतो, म्हणून ज्या महिन्यांत तुम्ही एकटे असाल त्या महिन्यांसाठी ३,१०० धरा. मात्र बायको-मुलं त्याच कॅलेंडर वर्षात, अगदी डिसेंबरात जरी इथे येऊन राहू लागली, तरी त्या वर्षाचं विवरणपत्र दोघांचं एकत्र भरता येतं आणि जास्तीचा कापलेला कर बऱ्यापैकी परत मिळतो. त्या वर्षात भारतात मिळालेला पगार तिथे दाखवावा लागतो आणि त्यामुळे कराचा दर थोडा चढतो, तरीही फायदाच होतो. जानेवारीत यायचं की डिसेंबरात, असा प्रश्न असेल तर तिकिटाच्या किमतीइतकंच हेही बघा.

चर्चचा कर म्हणून एक रकाना असतो. चर्चचे सभासद नसाल तर तो लागत नाही.

मुलांसाठी सरकार किंडरगेल्ड देतं. २०२५ मध्ये एका मुलाला महिना २५५ युरो, २०२६ पासून २५९. हे आईवडिलांच्या पगारावर अवलंबून नसतं. मूल जर्मनीत राहायला आलं की अर्ज करायचा. मागचे पैसे जास्तीत जास्त सहा महिन्यांचेच मिळतात, त्यामुळे अर्ज फाईलमध्ये पडू देऊ नका. भावाच्या घरी म्हणून मी महिन्याची आवक ३,७५५ धरली.

अजून एक मिळकत अशी, जी पगारपत्रकात दिसत नाही. सरकारी आरोग्यविमा घेतला तर न कमावणारी बायको किंवा नवरा आणि मुलं त्याच हप्त्यात, एकही युरो जादा न भरता, विमाधारक होतात. मुलाच्या डॉक्टरला पैसे द्यावे लागत नाहीत. मोठ्यांच्या औषधावर दर वेळी पाच ते दहा युरो आपल्याकडून जातात, मुलांना तेही नाहीत. पगार थोडा मोठा असला की खाजगी विम्याचे एजंट मागे लागतात, हप्ता कमी म्हणतात. तिथे बायको-मुलांचे हप्ते वेगवेगळे भरावे लागतात आणि परत सरकारीत यायची वाट अरुंद असते. एका पगाराच्या घरानं त्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरभाडं आधी, बाकी नंतर

किराणा किती लागेल, दूध केवढ्याला, हे विचारणाऱ्यांना मी थांबवते. आधी गाव आणि भाडं ठरवा. दुधाची किंमत म्युनिकमध्ये आणि लाइपत्सिगमध्ये सारखीच आहे, घराची नाही.

जाहिरातीत दोन आकडे दिसतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या भिंतींचं भाडं. वार्ममीटे म्हणजे त्यात पाणी, कचरा, जिन्याची सफाई आणि बहुतेक वेळा हीटिंग धरून. हिशेबात कायम वार्ममीटे धरा आणि जाहिरातीत हीटिंग खरंच आत आहे का ते वाचा. वीज आणि इंटरनेट त्यात नसतात. शिवाय हे जादा पैसे आगाऊ अंदाजाने घेतलेले असतात. वर्ष संपलं की घरमालक खरा खर्च काढून हिशेब पाठवतो. हिवाळा कडक गेला असेल किंवा तुम्ही पुण्याच्या मार्चइतकी ऊब घरात ठेवली असेल, तर दोनतीनशे युरोंची पुरवणी एकदम अंगावर येते. त्यासाठी महिन्याला वीस-पंचवीस बाजूला काढत चला.

घरमालकही तुमचा हिशेब करतोच. काल्टमीटे हातातल्या पगाराच्या एक-तृतीयांशाच्या आत असावी, असा त्यांचा सर्वसाधारण आडाखा असतो. ३,५०० हातात येणाऱ्याला बाराशेच्या वरचं घर सहजी मिळत नाही. हा आडाखा मला भाडेकरूच्या बाजूनेही रास्त वाटतो. ‘थोडं ताणू, पुढच्या वर्षी पगार वाढेल’ असं म्हणून वर जाऊ नका. इथे पगारवाढ दोन-तीन टक्क्यांचीही असू शकते.

श्टुटगार्ट महाग आहे. शहराच्या मध्यावर तीन खोल्यांचं घर बघायला गेलात तर आकडा छातीत धडकी भरवतो. आम्ही एसलिंगनकडे सरकलो, एसबानने, म्हणजे लोकल गाडीने, शहरात जायला फार वेळ लागत नाही. लुडविग्सबुर्ग, ब्योब्लिंगन, वाइब्लिंगन हेही बघण्यासारखे. जर्मनीत ‘तीन खोल्या’ म्हणजे हॉल धरून तीन, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सोडून. म्हणजे आपला टू बीएचके. अशा घराला बाहेरच्या पट्ट्यात मी भावासाठी काल्ट १,१५० आणि वार्म १,४५० धरले.

महिन्याची वही

आता त्याच्या महिन्याची वही अशी झाली:

भाडं, हीटिंगसकट: १,४५०
वीज: ७०
इंटरनेट आणि दोन मोबाईल: ६०
रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी: १८
किराणा, भाजी, साबण-डिटर्जंट: ५५०
दोघांची डॉइचलांड तिकिटं: ११६
बालवाडी, जेवणासकट: २५०
दायित्व विमा: १०
कपडे, बूट, मुलीचं बारीकसारीक: १२०
औषधं, चष्मा, दात: ३०
भारताच्या तिकिटांसाठी बाजूला: २००

बेरीज २,८७४.

यातल्या काही ओळींवर थोडं बोलायला हवं.

रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिना १८.३६ युरो, प्रत्येक घरामागे. टीव्ही नसला तरी. नोंदणी झाली की काही आठवड्यांत पत्र येतंच. ‘आमच्याकडे टीव्ही नाही’ असं उत्तर पाठवून उपयोग नाही.

दायित्व विमा कायद्यानं सक्तीचा नाही, पण घ्याच. तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं, तर भरपाई तो विमा देतो. वर्षाला शंभरच्या आसपास सगळ्या घराचं काम होतं. इतका स्वस्त आणि इतका उपयोगी दुसरा विमा मला माहीत नाही.

डॉइचलांड तिकीट २०२५ मध्ये ५८ युरोंचं होतं, जानेवारी २०२६ पासून ६३. देशभरातल्या लोकल गाड्या, बस, ट्राम त्यात येतात. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. काही कंपन्या तिकिटाचा काही भाग देतात, विचारून घ्या. गाडीचा विचार पहिल्या वर्षी नको. भारतातला परवाना इथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतो, नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात आणि त्यात हजारांत पैसे जातात.

बालवाडीचं प्रत्येक राज्यात, प्रत्येक गावात वेगळं. बर्लिनमध्ये तिची फी नाही, फक्त जेवणाचे थोडे पैसे. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये फी द्यावी लागते, गावागणिक वेगळी. २०१३ पासून वय वर्षं एक पूर्ण झालेल्या मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण प्रत्यक्षात प्रतीक्षायादी असते. बऱ्याच ठिकाणी पूर्ण दिवसाच्या जागा आईवडील दोघंही नोकरी करतात त्यांना आधी देतात. एका पगाराच्या घराला त्यामुळे अर्ध्या दिवसाची जागा मिळायची शक्यता जास्त. पैशाच्या हिशेबात हे थोडं स्वस्तच पडतं. पण घरी असलेल्या माणसाच्या भाषेच्या वर्गाचं आणि नोकरी शोधण्याचं गणित यावर अवलंबून आहे, त्याच्याकडे पुढे येते.

किराण्याबद्दल फार काळजी करू नका. आल्डी-लिडलसारख्या स्वस्त सुपरमार्केटमध्ये दूध, दही, अंडी, बटाटे, कांदे, कोबी, गाजर हे सगळं परवडतं. तूरडाळ, पोहे, गोडा मसाला, कणीक हे भारतीय दुकानातून. कणीक आणि तांदूळ दहा किलोच्या पिशव्यांनी आणा. महाग पडते ती भेंडी, गवार, कढीपत्ता आणि हापूसची पेटी. बाहेर खाणं मात्र वेगळंच प्रकरण आहे. तिघांनी साध्या हॉटेलात जेवलं की पन्नास-साठ युरो गेलेच. वरच्या वहीत ती ओळ नाही, हे ध्यानात घ्या. पुण्यात दर शनिवारी बाहेर जेवायची सवय असेल तर एका पगारात ती इथे चालणार नाही, हे दोघांनी आधीच बोलून घ्या.

भारताकडे जाणारे पैसे

वही इथे संपली असती तर ३,७५५ मधून २,८७४ जाऊन ८८१ उरतात, आणि सगळे खूश. पण आपल्याकडे कुणाची वही इथे संपते? भावाच्या पुण्याजवळ रावेतला असलेल्या फ्लॅटचा हप्ता ४५,००० रुपये. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर ४५० युरो. मावशी-काकांना औषधपाणी आणि कामवालीसाठी पंधरा हजार, म्हणजे १५०. एकूण सहाशे. शिल्लक राहिली २८१.

या शिलकीकडे मी बराच वेळ बघत बसले होते. ती ऋण नाही, ही चांगली गोष्ट. पण तीत हौसेला जागा नाही, अचानक आलेल्या खर्चाला नाही, आणि भारतात चालू असलेल्या एसआयपीलाही नाही.

मग तीच वही गाव बदलून लिहून पाहिली. म्युनिकमध्ये तसंच घर वार्म १,९०० ला धरलं तर महिन्याला १७० युरो तुटीत. लाइपत्सिगमध्ये ९५० ला धरलं तर शिल्लक ७८०. पगार तोच, माणसं तीच, कणीकही तीच. म्हणून कुणी विचारलं की मी पगाराच्या आधी गावाचं नाव विचारते. पूर्वेकडच्या शहरातली चोपन्न हजारांची ऑफर म्युनिकच्या साठ हजारांपेक्षा बरी असू शकते.

फ्लॅटचा हप्ता आहे त्यांनी हेही लिहून काढावं: फ्लॅट भाड्याने दिला तर किती येतील? सोसायटीचा मेंटेनन्स आणि कर वजा करून बघा. भावाचा फ्लॅट रिकामा ठेवून कुलूप लावायचा बेत होता, ‘सुट्टीत आलो की राहायला’. वर्षातल्या तीन आठवड्यांसाठी ही चैन एका पगारावर परवडत नाही. तो भाड्याने दिला तर त्याचा निम्मा हप्ता सुटतो.

आईवडिलांना पाठवलेले पैसे जर्मन विवरणपत्रात काही मर्यादेपर्यंत दाखवता येतात. भारतासाठी ती मर्यादा इथल्यापेक्षा बरीच कमी आहे आणि २०२५ पासून रोखीने दिलेले पैसे चालत नाहीत, थेट त्यांच्या बँक खात्यात गेलेले लागतात. सुट्टीत आलो तेव्हा पाकीट दिलं, हे आता मोजलं जात नाही. दर महिन्याला बँकेतून पाठवा आणि पावत्या जपून ठेवा.

घर उभं करायचे पैसे

महिन्याची वही जुळली म्हणजे झालं, असं समजू नका. बहुतेक घरांची खरी ओढाताण पहिल्या तीन महिन्यांत होते आणि ती पगारातून भागत नाही. पहिला पगार महिनाअखेरीस येतो. त्यातच करक्रमांक पोस्टाने यायला काही आठवडे लागतात. तो वेळेत पोचला नाही तर काही कंपन्यांत पहिल्या पगारावर सहाव्या वर्गाने, म्हणजे सगळ्यात चढ्या दराने कर कापतात. ते पैसे पुढे परत मिळतात, पण नेमके त्याच महिन्यात हवे असतात.

भावासाठी मी असे धरले. सुरुवातीचे दोन महिने सामानसुमान असलेलं तात्पुरतं घर: ३,४००. पक्क्या घराची अनामत, कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांची काल्टमीटे: ३,४५०. पहिलं भाडं: १,४५०. जुनं स्वयंपाकघर: १,५००. पलंग, गाद्या, टेबल, वॉशिंग मशीन, दिवे: २,५००. थंडीचे कपडे आणि बूट: ५००. पगार येईतोवर खाणंपिणं: ८००. बेरीज १३,६००.

‘जुनं स्वयंपाकघर’ वाचून भावानं फोनच केला. हो, इथे बरीच घरं स्वयंपाकघराशिवाय मिळतात. खोली असते, पाण्याचा नळ भिंतीतून बाहेर आलेला असतो, शेगडीच्या जोडणीची तार लोंबत असते आणि बाकी काही नाही. ओटा नाही, सिंक नाही, कपाटं नाहीत. छतालाही दिव्याऐवजी नुसत्या तारा. आधीचा भाडेकरू त्याचं स्वयंपाकघर विकत असेल तर ते घ्या, बसवलेलं असतं आणि नव्याच्या निम्म्यात पडतं. नाहीतर क्लाइनआनत्साइगेन या जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर जुनं शोधायचं. जाहिरातीत ‘आइनबाउक्युखे’ लिहिलेलं असेल तर स्वयंपाकघर बसवलेलं आहे. अशा घराला महिन्याला पन्नास जास्त द्यावे लागले तरी पहिल्या वर्षी ते घ्यावं.

अनामत तीन समान हप्त्यांत भरायचा कायदेशीर हक्क भाडेकरूला आहे, पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. घरमालक हे स्वतःहून सांगत नाही. घर बघायच्या आधीच कुणी अनामत परदेशी खात्यावर पाठवा म्हणालं, तर तो माणूस लबाड आहे असं समजून तिथेच थांबा.

तात्पुरतं घर घेताना तिथे पत्त्याची नोंदणी होते का, हे लेखी विचारा. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते आणि त्यासाठी घर देणाऱ्याची सही असलेला कागद लागतो. नोंदणी नाही तर करक्रमांक नाही, आणि पुढचं सगळं अडतं.

म्हणजे निघताना साडेतेरा-चौदा लाख रुपये हाताशी हवेत, कुणाच्या एफडीत अडकलेले नव्हेत. कंपनी तात्पुरतं घर देत असेल तर त्यातून साडेतीन लाख वजा. माझ्या मते पुरतंय की नाही याचं अर्धं उत्तर इथेच आहे. महिन्याचा पगार पुरत असूनही उसनवारीने सुरुवात केलेली घरं मी पाहिली आहेत. त्यांचं पहिलं वर्ष ते उसने फेडण्यातच गेलं.

जी व्यक्ती कमवत नाही, तिच्या नावाची ओळ

वरच्या वहीत एक ओळ मुद्दाम घातली नव्हती, कारण ती वेगळी बघायला हवी. एका पगारात येणं म्हणजे दुसऱ्या कुणीतरी नोकरी सोडून येणं. आपल्याकडून येताना बहुतेक वेळा ती बायको असते. भावाची बायको पिंपरीत एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. तिचा पगार थांबणार, तिचा पीएफ थांबणार, आणि पुण्यात तिच्या स्वतःच्या खात्यावरून होणारे खर्च इथे नवऱ्याकडे मागून करावे लागणार. हे सगळं ‘आपलंच तर आहे’ म्हणून झाकून टाकू नका.

तीन गोष्टी वहीत लिहा. पहिली, तिच्या जर्मनचे पैसे. फोक्सहोखशूलमध्ये, म्हणजे प्रौढांसाठीच्या सार्वजनिक शिक्षणकेंद्रात, भाषेच्या एका पातळीला काहीशे युरो लागतात, आणि नोकरीयोग्य भाषा यायला किमान तीन-चार पातळ्या. पहिली पातळी भारतातच करून आलात तर पैसा आणि वेळ दोन्ही वाचतात. दुसरी, तिच्या स्वतःच्या खात्यात दर महिन्याला ठरलेली रक्कम, कशावर खर्च केली हे न विचारता. शंभर असेल, दीडशे असेल, पण पगाराच्या दिवशी आपोआप जायला हवी. तिसरी, तिच्या पदवीच्या मान्यतेचा खर्च. परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, डॉक्टर, शिक्षक या कामांना इथे आधी मान्यता लागते, त्याला भाषांतरं आणि शुल्क मिळून बरेच पैसे आणि बरेच महिने जातात.

ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना, असलेल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि इथे आल्यावर नोकरीची पूर्ण मुभा असते. ही सवलत मोलाची आहे. पण मुभा असली तरी नोकरी लगेच मिळत नाही. अर्ध्या दिवसाची बालवाडी, भाषा, मान्यता हे सगळं धरून दीड-दोन वर्षं दुसरा पगार येणार नाही, असंच धरून हिशेब करा. ‘सहा महिन्यांत तीही लागेल कुठेतरी’ या भरवशावर घराचं भाडं ठरवू नका.

भावाच्या २८१ मधून या ओळीला दीडशे दिले की उरतात १३१. रावेतचा फ्लॅट भाड्याने गेला की साधारण साडेतीनशे. हे झालं त्याचं खरं उत्तर: पुरतील, फ्लॅट भाड्याने देऊन, बाहेरच्या पट्ट्यात राहून, पहिली दोन वर्षं गाडी न घेता.

पगार थांबला तर

दोन पगारांच्या घरात एक थांबला तरी चूल पेटते. इथे तसं नाही, शिवाय राहण्याचा परवानाही त्याच नोकरीला बांधलेला असतो.

पहिले सहा महिने बहुतेक करारांत प्रोबेत्साइट, म्हणजे परिवीक्षेचा काळ, असते, त्यात दोन आठवड्यांच्या सूचनेवर दोन्ही बाजूंना नोकरी संपवता येते. बेकारी भत्ता मिळायला मागच्या तीस महिन्यांत किमान बारा महिने विमा भरलेला असावा लागतो. म्हणजे पहिल्या वर्षी नोकरी गेली तर भत्ता नाही. वर्षानंतर मूल असेल तर हातातल्या पगाराच्या ६७ टक्के, नसेल तर ६०. परदेशी नागरिक कार्यालयाला नोकरी गेल्याचं कळवावं लागतं आणि दुसरी शोधायला मुदत मिळते, पण ती मर्यादित असते.

म्हणून चौदा लाखांखेरीज एक गंगाजळी हवी: तीन महिन्यांचा इथला खर्च आणि तिघांची परतीची तिकिटं. नऊ-साडेनऊ हजार युरो होतात, ते इतक्यात जमणार नसतील तर निदान भारतातली एक एफडी त्या नावाने राखून ठेवा आणि मोडू नका. इथला परवाना पक्का करण्याकडेही पहिल्या दिवसापासून लक्ष द्या. ब्लू कार्डवर २७ महिन्यांनी कायमचा परवाना मागता येतो, बी-वन पातळीचं जर्मन असेल तर २१ महिन्यांनीच. म्हणजे कमावणाऱ्याच्या जर्मनच्या वर्गाचे पैसेही एका पगाराच्या सुरक्षिततेवरचाच खर्च आहेत.

सही करण्याआधी काय मागायचं

ब्लू कार्डसाठी पगाराची किमान मर्यादा २०२५ मध्ये ४८,३०० होती, ज्या व्यवसायांत माणसं कमी पडतात त्यांत ४३,७६०. ही व्हिसा मिळण्याची मर्यादा आहे, तिघांचं घर चालण्याची नाही. ‘व्हिसाला पुरतोय म्हणजे राहायलाही पुरेल’ असं कंपनीतला माणूस सुचवेल, त्याला तुमची वही माहीत नसते.

पगारावर घासाघीस करा, पण पगार वाढवायला कंपनी नाखूश असेल तर एकदाच द्यायच्या गोष्टी मागा. त्या त्यांना सोप्या जातात: दोन-तीन महिन्यांचं तात्पुरतं घर, तिघांची विमानाची तिकिटं, सामान पाठवायचा खर्च, दोघांच्या भाषावर्गाची फी, घर शोधून देणाऱ्या संस्थेचे पैसे. पगार बारा हप्त्यांत मिळतो की तेरा, हेही विचारा. नाताळचा तेरावा हप्ता असेल तर वार्षिक आकडा तेराने भागला जातो आणि दर महिन्याला हातात कमी येतं. बोनस पक्का आहे की कंपनीच्या मर्जीवर, ते करारात वाचा. मर्जीवरचा बोनस वहीत धरू नका.

भावानं चौसष्ट हजार मागितले होते. कंपनी एकसष्टवर थांबली, पण तीन महिन्यांचं घर आणि वहिनीच्या जर्मनची पहिली फी लेखी मिळाली. तो ऑगस्टमध्ये येईल आणि त्या दोघी दिवाळी करून नोव्हेंबरात, म्हणजे त्याच कर-वर्षात. मधल्या महिन्यांत त्याच्या हातात पहिल्या वर्गाचा पगार येईल आणि घर कंपनीचं असेल, त्यामुळे ओटा-सिंक विकत घेण्यापुरते पैसे तो त्यातूनच बाजूला टाकू शकेल.